दहा युरोंच्या आतली ड्राय स्पॅनिश व्हाइट: रुएदाची वेर्देखो आणि तिच्यासोबतचं खाणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त नुकत्याच माद्रिदला आलेल्या एका वाचकांनी सहा-सात मित्रांना घरी जेवायला बोलावलंय. काही शाकाहारी, काही मासे खाणारे. त्यांना दहा युरोंच्या आतली, खरोखर ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, अशी स्पॅनिश व्हाइट वाइन हवी आहे, आणि टेबलावर काय मांडावं हेही विचारलंय. मागच्या खेपेला सुपरमार्केटमधून त्यांनी 'वेर्देखो' (हे द्राक्षाचं नाव) लिहिलेली बाटली आणली, ती गोड आणि बुडबुड्यांची निघाली. आता त्या नावाचीच धास्ती बसलीय.

उत्तर आधीच देऊन टाकतो. नाव तेच घ्या, बाटली बदला. रुएदा या भागातली, 'सेको' म्हणजे ड्राय वेर्देखो, अगदी अलीकडच्या हंगामातली, पाच ते नऊ युरोंची. स्पेनमधल्या रेस्टॉरंटांसाठी वाइनच्या याद्या तयार करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. या किमतीत क्वचितच दगा देणारी दुसरी स्पॅनिश व्हाइट मला सांगता येणार नाही. माद्रिदच्या कुठल्याही बारच्या फळीपाशी पाच मिनिटं उभे राहा. व्हाइट वाइन हवी असलेला माणूस 'उन वेर्देखो' नाहीतर 'उन रुएदा' एवढंच म्हणतो आणि ग्लास समोर येतो. इतकी रोजची झाल्यामुळे तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. सोबत काय खावं याचा विचारही 'व्हाइट म्हणजे मासे' इथेच संपतो. माझं मत वेगळं आहे. ही वाइन माशांपेक्षा तेल, अंडं, व्हिनेगर आणि हिरव्या भाज्यांसोबत जास्त कामाला येते, आणि त्याचं कारण तिच्या शेवटी लागणारा बारीकसा कडूपणा आहे.

पण आधी त्या गोड बाटलीचा उलगडा करू. तुम्ही आणलीत ती बहुधा 'फ्रिझान्ते', म्हणजे हलक्या बुडबुड्यांची होती, आणि लेबलवर कुठेतरी '५,५' हा आकडा असणार. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल होतं. हे काम अर्ध्यावर थांबवलं की अल्कोहोल साडेपाच टक्क्यांवर राहतं आणि उरलेली साखर बाटलीत जाते. उन्हाळ्यात गच्चीवर बर्फासारखं गार करून प्यायला ती बनवलेली असते. द्राक्ष वेर्देखोच असतं, त्यामुळे लेबल खोटं नसतं. तेव्हा बाटली हातात घेतली की पहिल्यांदा अल्कोहोलचा आकडा बघा. १२.५ ते १३.५ टक्के असेल तर साखर जवळपास सगळी संपलेली आहे. 'सेमिदुल्से' (अर्धगोड), 'सेमिसेको' (अर्धी ड्राय), 'फ्रिझान्ते' यांपैकी काही दिसलं तर बाटली परत फळीवर. मागच्या बाजूला रुएदाच्या नियामक मंडळाची क्रमांक असलेली छोटी पट्टी असते, तीही बघा. त्या साडेपाच टक्केवाल्या बाटल्यांवर ती नसते.

आणखी एक सोय हल्लीच झालीय. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनला युरोपीय संघात घटक आणि पोषणमूल्यं सांगणं बंधनकारक आहे. बहुतेक उत्पादक त्यासाठी लेबलवर क्यूआर कोड छापतात. फोन धरा, शंभर मिलिलिटरमागे साखर किती ते कळतं. युरोपच्या नियमानुसार लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर वाइन ड्राय. आंबटपणा पुरेसा असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत वाढते. म्हणजे शंभर मिलिलिटरला ०.४ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखालचा आकडा दिसला की निश्चिंत राहा. दुकानातल्या विक्रेत्यापेक्षा मी हल्ली या कोडवर जास्त भरवसा ठेवतो.

रुएदा हे गावाचंही नाव आहे आणि भागाचंही. माद्रिदहून वायव्येला गाडीने दोन तासांच्या आत पोहोचता. भाग मुख्यतः वाय्यादोलिद प्रांतात येतो, थोडा सेगोविया आणि आविलामध्ये शिरतो. दुएरो नदीच्या दक्षिणेचं हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण ७०० ते ८०० मीटरवर आहे. जमिनीत गोल गोट्यांचा खच पडलेला असतो, पाणी खाली निघून जातं, वेलीला पाण्यासाठी मुळं खोल न्यावी लागतात. इथल्या हवामानाबद्दल कास्तिलियात, म्हणजे स्पेनच्या या पठारी मुलखात, म्हणतात, नऊ महिने थंडी आणि तीन महिने नरक. त्यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. सप्टेंबरात दुपारी उन्हाने डोकं तापतं आणि रात्री स्वेटर लागतं. दिवसा साखर भरते, रात्रीच्या गारव्यात द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो. एवढ्या उन्हाच्या देशात इतकी तरतरीत व्हाइट कशी, याचं निम्मं उत्तर या रात्रींमध्ये आहे.

या भागातल्या ८० टक्क्यांहून जास्त बागा वेर्देखोच्या आहेत. मूरांच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या मुस्लिम राजवटीतून उत्तरेकडे आलेल्या ख्रिस्ती लोकांनी अकराव्या शतकाच्या सुमारास हे द्राक्ष आणलं असं परंपरेने सांगतात. डीएनए तपासणीतून मात्र वेगळी वंशावळ निघाली: एक पालक साव्हान्यें, ज्याला त्रामिनेर असंही म्हणतात, आणि दुसरं कास्तेयाना ब्लांका हे इथलंच जुनं द्राक्ष. सोव्हिन्यो ब्लाँ हे प्रसिद्ध फ्रेंच द्राक्षही त्याच साव्हान्येंचं अपत्य मानलं जातं. म्हणून वेर्देखो पहिल्यांदा पिणारे अनेकजण तिला सोव्हिन्यो समजतात, आणि ते अगदीच चूक नाही. निम्मं नातं खरंच आहे.

आज आपण पितो ती स्वच्छ, हिरवट झाकेची वेर्देखो मात्र जुनी नाही. शेकडो वर्षं रुएदाची ख्याती होती ती शेरी या दक्षिण स्पेनच्या कडक वाइनसारख्या, मुद्दाम हवा लागू दिलेल्या, सोनेरी-तपकिरी वाइनची. काचेच्या मोठ्या गोल बुधल्यांमध्ये ती अंगणात उन्हात ठेवत, मग लाकडी पिंपांमध्ये मुरवत. 'दोरादो' नावाची ती वाइन आजही काही घराणी करतात आणि मिळाली तर जरूर चाखा, पण तुमच्या जेवणासाठी ती नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलॉक्सेरा या किडीने बागा उद्ध्वस्त केल्या. पुन्हा लागवड करताना लोकांनी भरघोस पिकणारं पालोमिनो लावलं आणि वेर्देखो मागे पडलं. मग १९७२ मध्ये उत्तर स्पेनच्या रिओखा भागातलं मार्केस दे रिस्काल हे वाइन करणारं घराणं फ्रान्समधल्या बोर्दोचे वाइनशास्त्राचे प्राध्यापक एमिल पेनो यांच्या सल्ल्याने इथे आलं. त्यांना ताजी, फळांच्या वासाची व्हाइट करायची होती आणि रिओखातलं द्राक्ष त्यांना त्यासाठी पुरेसं वाटत नव्हतं. स्टीलच्या टाक्या आल्या, थंड तापमानात आंबवणं आलं. १९८० मध्ये रुएदाला भौगोलिक नामांकन मिळालं, कास्तिया इ लेओन प्रदेशातलं ते पहिलं. तुमच्या हातातली स्वस्त बाटली हे त्या दहा वर्षांतल्या निर्णयांचं फळ आहे.

कापणीबद्दल सांगायलाच हवं, कारण स्वस्ताईचं गुपित तिथे आहे. वेर्देखोचा रस फार लवकर काळवंडतो. कापलेलं वांगं काळं पडतं तसा. म्हणून इथे तोडणी रात्री होते आणि बहुतेक यंत्राने. पठार सपाट, बागा तारांवर चढवलेल्या, त्यामुळे यंत्र ओळींमधून सहज फिरतं. द्राक्षं गार असतानाच कारखान्यात पोहोचतात, निष्क्रिय वायूच्या आवरणाखाली दाबली जातात, रस हवेशिवाय टाकीत जातो. माणसांनी हाताने तोडायचं ठरवलं असतं तर ही बाटली पाच युरोंना मिळाली नसती. यंत्राने तोडलेलं म्हणजे हलकं, ही समजूत निदान या भागात तरी सोडून द्या. सप्टेंबरातल्या भर दुपारी हाताने तोडलेल्या द्राक्षापेक्षा पहाटे तीनला यंत्राने तोडलेलं द्राक्ष केव्हाही बरं.

दाबण्याआधी काही तास रस आणि साली थंडाव्यात एकत्र ठेवण्याची पद्धत आहे. वास सालींत असतो, तो त्या तासांत रसात उतरतो. सोबत सालींतला थोडा कडूपणाही उतरतो. नीट केलेल्या वेर्देखोचा घोट घ्या: आधी पपनस, हिरवं सफरचंद, ताजं कापलेलं गवत, मग बडीशेप आणि किंचित तमालपत्र, आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या भागावर बदामाच्या सालीसारखी कडसर रेघ. नवखे लोक ती रेघ दोष समजतात. बाटली परत करणारेही मी पाहिलेत. ती रेघ नसती तर ही वाइन नुसतं लिंबूपाणी झाली असती. तेलकट किंवा अंड्याच्या पदार्थानंतर तोंड साफ करण्याचं काम आंबटपणा आणि ही रेघ मिळून करतात.

आता टीका. पाच युरोंच्या अनेक वेर्देखोंना एकसारखा वास येतो, पॅशनफ्रूट आणि अननसाचा, बाटली उघडताच नाकात घुसणारा. विशिष्ट यीस्ट वापरून, फार थंड आंबवून तो वास ओढून आणता येतो. विकायला सोपा पडतो, सहा महिन्यांत उडतो, आणि जेवणाबरोबर तर अगदी आड येतो, कारण असा गोड वास आला की जीभ गोडाची वाट बघते. त्याऐवजी लेबलवर 'सोब्रे लिआस' शोधा. आंबवून झाल्यावर तळाशी बसलेल्या यीस्टच्या बारीक गाळावर वाइन काही महिने ठेवली असा त्याचा अर्थ. त्याने वास दबतो आणि अंग भरतं, तोंडात वाइन गोलसर लागते. एक-दोन युरो जास्त पडतील, तेवढे द्या. लेबलवर 'वेर्देखो' असं द्राक्षाचं नाव असेल तर किमान ८५ टक्के तेच द्राक्ष असतं. नुसतं 'रुएदा' लिहिलं असेल तर दुसऱ्या द्राक्षांची मिसळ जास्त असू शकते. वाईट नव्हे, पण आज तुम्हाला ती नको. हंगामाचं वर्ष शक्य तितकं अलीकडचं घ्या. दोन-तीन वर्षं फळीवर राहिलेल्या स्वस्त वेर्देखोवर सवलत लावलेली असते, त्या मोहात पडू नका.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. ला सेका गावातली कुआत्रो रायास ही सहकारी संस्था १९३५ पासूनची आहे. तिची साधी वेर्देखो पैशाला पुरेपूर उतरते, आणि सहकाराच्या मुलखातून आलेल्या आपल्या लोकांना ते कळायला वेळ लागत नाही. मार्केस दे रिस्कालची वेर्देखो जवळपास प्रत्येक सुपरमार्केटमध्ये दिसते आणि चव वर्षानुवर्षं तीच. प्रोतोसचीही तशीच. खोसे पारिएन्ते तुमच्या मर्यादेच्या कडेवर येते, कधी थोडी वर. पण पाहुण्यांमध्ये वाइन समजणारं कुणी असेल तर तीच घ्या. 'ग्रान व्हिनो दे रुएदा' हा वर्ग ३० वर्षांहून जुन्या वेलींचा आणि हेक्टरी साडेसहा हजार किलोंहून कमी उत्पादनाचा असतो. ओकच्या पिंपात आंबवलेली बेलोन्द्रादे किंवा सेगोवियाच्या वाळूतली, कलम न केलेल्या जुन्या वेलींची ओसियान या सुंदर वाइन आहेत, पण त्या तुमच्या खर्चाच्या पलीकडच्या, आणि सात जणांच्या गप्पांच्या जेवणात वाया जाणाऱ्या. (वाळूत फिलॉक्सेराला हलता येत नाही, म्हणून त्या वेली वाचल्या.)

शाकाहारी मित्रांसाठी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. वाइन नितळ करायला अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरण्याची जुनी पद्धत आहे. ते तळाशी बसून काढून टाकलं जातं, बाटलीत जवळपास काही उरत नाही, पण ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. आज अनेक ठिकाणी बेंटोनाइट माती किंवा वाटाण्याचं प्रथिन वापरतात. मागच्या लेबलवर 'व्हेगानो' लिहिलेलं असेल ती बाटली घ्या, सोपा मार्ग.

टेबलाकडे येऊ. मी सुरुवात एस्काबेचेने करीन. तेल, व्हिनेगर, लसूण, मिरी आणि तमालपत्र यांच्या रसात शिजवून मुरवलेला पदार्थ म्हणजे एस्काबेचे. कास्तिलियात तितर आणि ससा असा मुरवतात, किनाऱ्यावर शिंपल्यातले मेखियोनेस, म्हणजे आपले शिणाणे. व्हिनेगर बहुतेक वाइनना मारतं, कारण पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पाणचट लागते. वेर्देखोचा आंबटपणा त्याच्यापुढे उभा राहतो आणि तिच्यातला तमालपत्राचा वास एस्काबेचेतल्या पानाशी जुळतो. तुम्हाला काही शिजवायची गरजही नाही. स्पेनमध्ये डबाबंद मासे हा गरिबीचा पदार्थ मानत नाहीत, चांगले डबे लोक अभिमानाने उघडतात. मेखियोनेस एन एस्काबेचेचे दोन डबे आणा, बशीत काढा, सोबत साधे बटाट्याचे वेफर्स. डब्यातला रस वेफर्सवर सांडायचा. माद्रिदच्या व्हर्मुथ बारमध्ये रविवारी दुपारी हेच चाललेलं असतं. त्याच धर्तीवर बोकेरोनेस एन व्हिनाग्रे, मांदेलीच्या कुळातला हा छोटा मासा व्हिनेगरमध्ये पांढरा होईपर्यंत मुरवून वर लसूण, पार्सली आणि ऑलिव्ह तेल. घरी करणार असाल तर मासा आधी निदान पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. त्यात आनिसाकिस नावाचा परजीवी असू शकतो आणि व्हिनेगरने तो मरत नाही. दुकानातला तयार आणलात तर ही काळजी आधीच घेतलेली असते.

दुसरा मान तोर्तियाचा. बटाटा आणि अंड्याचं हे जाड ऑम्लेट, आत किंचित ओलं. कांदा घालायचा की नाही यावरून इथे घराघरांत भांडणं आहेत. मी कांद्याच्या बाजूचा. अंड्याचा बलक जिभेवर थर धरतो, बटाट्याने भरपूर तेल प्यायलेलं असतं, आणि रेड वाइन या जोडीपुढे धातूसारखी लागते. वेर्देखोचा एक घोट तो थर उचलून नेतो. तोर्तिया कोमट वाढा, गरम नको. अंडं खाणाऱ्या शाकाहारी मित्रांचा मुख्य पदार्थ हाच. क्रोकेतास (आतून मऊ, तळलेले छोटे वडे), मेयोनेज घातलेली बटाट्याची एन्सालादिया यांनाही तोच न्याय लागू. एन्सालादियात बहुधा टुना असतो, तेव्हा शाकाहाऱ्यांसाठी थोडी वेगळी काढून ठेवा.

भाज्यांपुढे भले भले सोमेलिए, म्हणजे रेस्टॉरंटातले वाइनचे जाणकार, हात टेकतात. ॲस्परॅगसमधल्या गंधकाच्या संयुगांमुळे वाइनला शिजलेल्या कोबीचा वास यायला लागतो. आर्टिचोकमधल्या सायनारिनमुळे पुढचा घोट गोड लागतो. वेर्देखो स्वतःच गवताच्या वासाची, त्यामुळे ॲस्परॅगसच्या वासाशी तिचं भांडण होत नाही. ती पूर्ण ड्राय असल्यामुळे आर्टिचोकने आणलेला गोडवाही सोसते. वाय्यादोलिदजवळच्या तुदेला दे दुएरोचे पांढरे ॲस्परॅगस प्रसिद्ध आहेत, हंगाम एप्रिल-मे. नव्हाराचे बरणीतले वर्षभर मिळतात. वर ऑलिव्ह तेल, मीठ, बस. पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात फोड येईपर्यंत भाजून जाड मीठ भुरभुरलेल्या, हीसुद्धा उत्तम जोडी. त्यातली एखादी तिखट निघते, तिच्या वाट्याला जो येईल तो येईल.

चीजमध्ये ताजं घ्या. बकरीच्या दुधाचं मऊ चीज, बुर्गोसचं पांढरं चीज जे आपल्या पनीरच्या जवळ जातं, किंवा वाय्यादोलिदचंच मेंढीच्या दुधाचं व्हियालोन. जुना, कडक मान्चेगो या वाइनला झाकून टाकतो. ब्रेडऐवजी भाजलेले बदाम ठेवा, कडसर रेघेशी त्यांची चांगली गट्टी जमते. शाकाहाऱ्यांना एक सांगून ठेवा, बऱ्याच पारंपरिक स्पॅनिश चीजमध्ये प्राण्याच्या जठरातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं. लेबलवर 'कुआखो व्हेहेताल' बघून घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी फार डोकं खाजवावं लागत नाही. लसूण तेलात परतलेली कोळंबी, पिठात घोळवून तळलेली माकुलं, पाप्रिका घातलेला ऑक्टोपस, शिंपल्यांचा भात, सगळ्यांबरोबर ती सुखाने जाते. कोळंबीत लाल मिरची घालतात ती एकच घाला. कोकराचं भाजलेलं मांस, लेचासो, हा या पठाराचा राजेशाही पदार्थ आहे, पण त्याच्यासोबत खुद्द इथले लोक रिबेरा देल दुएरोची रेड उघडतात. वेर्देखोला तिथे ओढू नका.

घरचं मराठी जेवण करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतं. दोन, गोड पदार्थ ड्राय वाइनला आंबट आणि रोड करून टाकतो. म्हणजे ठेचा आणि गूळ घातलेली आमटी, दोन्ही टाळा. अळूवडीत चिंच-गुळाचा हात आखडता घ्या. कोथिंबीरवडी मात्र अशी जमते की इथल्या माझ्या सहकाऱ्यांनी पाककृती मागून घेतली. कोथिंबिरीचा वास, बेसन, तळण, आणि वाइनमधली बडीशेप. परतलेली शेपूची भाजी, रवा लावून तळलेली मांदेली किंवा सुरमई, हळद-मीठ-लिंबाची, याही चालतात. गोव्याकडचा रेशादचा बांगडा व्हिनेगरमुळे एस्काबेचेच्या जवळचा वाटतो, पण त्यातली मिरची वाइनला उठू देत नाही. मसाला अर्धा केलात तर जमेल, आणि अर्ध्या मसाल्याचा बांगडा खायचा कशाला असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

हीच बाटली पुढे पुण्या-मुंबईला शोधणार असाल तर किंमत विसरा. बाटलीबंद आयात वाइनवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आहे, वर राज्याचे कर. तिथे नाशिकची ड्राय सोव्हिन्यो ब्लाँ घ्यावी, आणि वर सांगितलेलं बहुतेक खाणं तिच्याबरोबरही जमवता येतं. ती बदामाची रेघ तेवढी मिळणार नाही.

दुकानात रुएदा नसेलच तर? आल्बारिन्यो उत्तम, पण दहा युरोंत चांगली मिळणं कठीण. रिओखाची विउरा शांत स्वभावाची, तोर्तियाबरोबर बरी, व्हिनेगरपुढे दबते. बास्क किनाऱ्याची चाकोली हलकी आणि झणझणीत आंबट. ला मान्चाची आइरेन सगळ्यांत स्वस्त, फारसं काही बोलत नाही. खऱ्या अर्थाने कोरडी ठणठणीत हवी असेल तर मान्झानिया किंवा फिनो शेरी घ्या, १५ टक्के अल्कोहोल, ऑलिव्ह आणि तळलेल्या माशांबरोबर हिच्यासारखी दुसरी नाही. पण शेरीची सवय नसलेल्या सात जणांना थेट तीच वाढणं हा जुगार आहे. एक अर्धी बाटली सुरुवातीला चाखायला ठेवा, आवडली तर आवडली.

वाढताना ८ ते १० अंश. घरचा फ्रिज साधारण ४-५ अंशांवर असतो, तेवढ्या गारव्यात वास मिटून जातो आणि उरतो फक्त आंबटपणा. जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं बाटली बाहेर काढून ठेवा. ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरा आणि गरम होण्याआधी पुन्हा भरा. सुपरमार्केटमधले पाण्याचे ग्लास वापरलेत तरी कुणी नावं ठेवणार नाही. स्पेनमधल्या कित्येक गावांत वाइन तशीच पितात.

बाटलीत ७५० मिलिलिटर, म्हणजे पाच मापाचे ग्लास. सात जणांना जेवणभर पुरायला चार बाटल्या धरा, पाचवी फ्रिजमध्ये असू द्या. न उघडलेली पुढच्या दोन-चार महिन्यांत प्या. उघडलेली उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहते. त्यानंतर वास जातो, पण स्वयंपाकाला ती छान असते: कढईत ऑलिव्ह तेल, दोन पाकळ्या लसूण, धुतलेले शिणाणे, वरून एक ग्लास उरलेली वेर्देखो आणि एक तमालपत्र, झाकण घालून शिंपले उघडेपर्यंत चार-पाच मिनिटं. जे उघडले नाहीत ते टाकून द्या.